कोरिना मे जहाजावरच्या अठ्ठेचाळिसाव्या ताटलीबाबत

नाव : सौ. ड्रुसिला सायलस ब्रॅग, माहेरचं आडनाव टकर. वय ५६ वर्षं. शिक्षण मॅट्रिक. व्यवसाय घरकाम. राहणार चर्च हिल, मर्सी कोव्ह, न्यूफाउंडलंड. आज मंगळवार, तारीख १५ जुलै, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

मी ठाण्यात आपल्या पायांनी आले आहे, कोणी बोलावून आणलेलं नाही. विचारल्यावरून आणि न विचारताही लिहून देते ते असं. सार्जंट एबनेझर पिन्सेंट यांच्या उजव्या अंगठ्यात मासे पकडायचा गळ रुतून पट्टी बांधलेली असल्याने त्यांनी मलाच लिहायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर मला ओळखीचं आहे, लाल शाईतलं." सार्जंट पिन्सेंट यांना मी रविवारच्या शाळेत सहा वर्षं शिकवलं आहे. तोंडी मी त्यांना एबी म्हणते, लेखी सार्जंट म्हणेन. कागद दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, याची नोंद घ्यावी. ठाण्याचा कागद झाला म्हणून काय झालं.

मी घरी नवरा सायलस ब्रॅग यांच्यासह राहते. चर्चच्या दारूबंदी महिला मंडळाची मी नऊ वर्षं अध्यक्ष आहे. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षाचा साधा रस असतो, त्यापलीकडे द्राक्षाचा आणि माझा संबंध नाही. ही माहिती पुढच्या मजकुरासाठी लागणार आहे म्हणून आधीच दिली.

लिअँडर टकर हा माझा सख्खा धाकटा भाऊ. वय ४७. "मार्था टी." नावाच्या बोटीतून तो बाहेरगावच्या पाणबुड्यांना बुडालेली जहाजं दाखवायला नेतो. हंगाम दहा आठवड्यांचा. शुक्रवारपासून त्याच्या बोटीला ठाण्याची पिवळी पट्टी लागलेली आहे, आणि परवा गुरुवारी त्याचा परवाना रद्द करायचा की नाही याची सुनावणी आहे. परवाना गेला तर लिअँडरला दुसरं काही येत नाही. जमिनीवर तो फारसा उपयोगाचा नाही, हे बहीण म्हणून सांगते.

"कोरिना मे" ही प्रवासी आगबोट १९११ साली धुक्यात शुगरलोफच्या खडकावर आपटून बुडाली. देवाच्या दयेने माणूस एकही गेलं नाही, आमच्या कोव्हच्या लोकांनी होड्या घालून सगळ्यांना काढलं. जहाज सदतीस मीटरवर सरळ उभं आहे. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातसुद्धा तीन अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आतलं सामान ठेवल्या जागी ठेवल्यासारखं आहे. बाटल्यांत लोणचं दिसतं. जहाजाचा स्वयंपाकी एफ्राइम गॉस बाविशीचा होता, तो इथेच राहिला, इथेच लग्न केलं, आणि पुढची त्रेसष्ट वर्षं निळ्या काठाच्या आपल्या अठ्ठेचाळीस ताटल्यांसाठी हळहळला. १९७४ साली पहिले पाणबुडे आले, तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा एफ्राइम काठी टेकत धक्क्यावर गेला आणि म्हणाला, "पोरांनो, बाकी काय बघायचं ते बघा, माझ्या ताटल्या तेवढ्या मोजून या." मोजल्या. अठ्ठेचाळीस भरल्या. म्हातारा त्या रात्री शांत झोपला असं त्याची सून सांगायची.

तेव्हापासून दर जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी कोव्हतर्फे ताटल्यांची मोजदाद होते. त्याची वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे. खाली जाऊन मोजणारे दोघं, वर वही धरणारी मी. ताटली उचलायची नाही, बोट लावून मोजायची. आजवर एकदाही अठ्ठेचाळीसची सत्तेचाळीस झालेली नाही.

मी स्वतः पाण्यात जायला पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले. माझ्या नावावर बासष्ट बुड्या आहेत, पण पंचवीस मीटरच्या खाली मी कधी गेलेली नव्हते. या वर्षी लिअँडरच्या जोडीदाराचे कान सर्दीने बंद झाले. लिअँडर म्हणाला, "मोजदाद पुढे ढकलू." मी म्हणाले, "एकावन्न वर्षांत ढकलली नाही. मी येते." तो म्हणाला, "ताई, सदतीस मीटर आहे. तिथे पाणी चढतं." मी म्हणाले, "ज्यांना चढतं त्यांना चढतं. मला आयुष्यात काही चढलेलं नाही."

हे वाक्य मी बोलले, हे कबूल आहे.

खुलासा. तीस मीटरच्या खाली टाकीतली हवाच माणसाला दारूसारखी चढते. कोणी पोहता पोहता रडतं, कोणी माशाला आपल्या तोंडातली नळी देऊ करतं. वर आलं की पाच मिनिटांत सगळं उतरतं, डोकंही दुखत नाही. आमच्याकडे याला पाणी चढणं म्हणतात आणि त्यात कोणी कोणाला नावं ठेवत नाही. मी ठेवायची.

शुक्रवार, ११ जुलै. सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी लिअँडर आणि मी दोराने खाली गेलो. मी प्रार्थना म्हणून गेले. पाणी स्वच्छ होतं, वीस मीटरवरूनच जहाजाची चिमणी दिसली. १० वाजून ४५ला आम्ही भोजनगृहात शिरलो. शेजारी भांड्यांची खोली, तिच्यात लोखंडी मांडणीवर ताटल्या. मी बोट लावून मोजल्या आणि गळ्यातल्या पाटीवर पेन्सिलीने लिहिलं : "ताटल्या ४८." त्याखाली, "कप ३१, पैकी दोन बिनकानाचे." इथपर्यंत माझं अक्षर सरळ आहे, पाटी मुद्देमालात आहे, ताडून पाहावी.

मी हवा जपून वापरते. इतर लोक एका बुडीला टाकी रिकामी करून येतात, मी अर्धी शिल्लक आणते. श्वास घेतला की धरून ठेवायचा, मग हळूच सोडायचा, अशी माझी सवय. वरच्या पाण्यात ती चालून जाते. खोलात धरून ठेवलेला श्वास डोक्यात जातो आणि चढायचं ते दुप्पट चढतं, हे लिअँडरने मला दहा वेळा सांगितलं होतं. मला वाटायचं, तो आपला उधळेपणा झाकायला सांगतो.

१० वाजून ५०च्या सुमारास मला एकाएकी फार बरं वाटू लागलं. बरं म्हणजे, ईस्टरच्या सकाळी घर लख्ख झालेलं असावं, ओव्हनमध्ये पाव फुगत असावा आणि कोणाचंही काही देणं बोलणं राहिलेलं नसावं, तसं. भोजनगृहात संगमरवरी टेबल आहे, त्याचे लोखंडी पाय जमिनीला बोल्टांनी बसवलेले आहेत. ते रिकामं टेबल बघून मला लाज वाटली. जेवायची वेळ झाली आणि ताटं नाहीत, हे काय घर आहे.

मी मांडणीवरून आठ ताटल्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. सरकारी वस्तू जागेवरून हलवली, हा गुन्हा मी केला. लिअँडरने नाही. मी.

आठच का, असं सार्जंट पिन्सेंट यांनी आत्ता विचारलं. बाबा, आई, आम्ही सहा भावंडं. आता आम्ही दोघं आहोत. पुढचं लिहिते.

पाटीवर मी लिहिलं : "आठ जणांची ताटं घेतली." मग टेबलाच्या टोकाशी गुडघे टेकून, हात जोडून, बाकीचे येईपर्यंत थांबले. थांबताना भजन म्हटलं. तोंडात नळी असल्याने शब्द नीट उमटले नसतील, पण लिअँडर सांगतो की चाल बरोबर होती आणि आवाज घोरणाऱ्या सीलचा होता.

लिअँडर त्या वेळी माझ्या पाठीशी होता. भजन ऐकून त्याने वळून पाहिलं. त्याने माझ्या डोळ्यांसमोर बोटं हलवली, मी त्याला बसायची खूण केली. तो ताटल्या गोळा करून मांडणीत ठेवायला लागला. त्यावर माझी नोंद : "लिअँडर ताटल्या उचलतो. अजून कोणी जेवलं नाही." अक्षर चढतं आहे.

एवढ्यात मला कोणीतरी आल्यासारखं वाटलं. पाटीवर आहे : "पाहुणा आला. फार सज्जन. बोलत नाही." यापुढचं शुक्रवारी मला काहीही आठवत नव्हतं. लिअँडरने माझा पट्टा धरला, तेव्हा मी हट्टाने पुन्हा ताटल्या मोजल्या आणि लिहिलं : "ताटल्या ४७. लिअँडरला विचारणे." मग त्याने मला दोराने वर नेलं. वीस मीटरवर मला माझ्या गळ्यातली पाटी वाचता आली, आणि पाच मीटरवर थांबलो असताना ती मी तीनदा वाचली.

धक्क्यावर पुरातन वस्तूंच्या खात्याच्या निरीक्षक मिस प्रुडन्स वार्ली उभ्या होत्या. वय २९. मे महिन्यात शहरातून आलेल्या. आमच्याकडे रीत आहे, पाण्यातून आलेल्या माणसाला पहिला चहा पोटात जाईपर्यंत कोणी काही विचारत नाही, कारण तीन अंशांच्या पाण्यात ओठ लाकडासारखे होतात आणि माणूस काय म्हणतं ते त्यालाही कळत नाही. मिस वार्ली यांना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, "ताटली तुमच्या भावाने घेतली का?" मी म्हणाले, "नाही." ओठ बधिर असल्याने ते "हां" असं बाहेर पडलं. त्यांनी विचारलं, "हा पाहुणा कोण? खरेदीदार का?" मी म्हणाले, "ठाऊक नाही." तेही "हां" असंच बाहेर पडलं. त्यांनी दोन्ही होकार म्हणून लिहून घेतले आणि दुपारी एक वाजता या ठाण्यात तक्रार दिली.

लिअँडरला इथे आणलं. तो काय बोलला ते मला शनिवारी, रविवारी कळलं नाही. तो घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काळजी करू नकोस गं, ताटलीच आहे." मी विचारलं, "अरे पण गेली कुठे? तू पाहिलंस का?" तो म्हणाला, "तुझ्याकडे बघू की ताटल्यांकडे?"

रविवार, १३ जुलै. दुपारचं जेवण. खारवलेलं मांस, कोबी, वाटाण्याचं पुडिंग. सायलस टेबलाशी बसलेले होते. ते कमी बोलतात आणि भूक लागली की खालचा ओठ पुढे काढून समोर बघत बसतात. चौतीस वर्षं मी ते बघते आहे. मी त्यांच्यापुढे ताटली ठेवली आणि माझा हात तिथेच राहिला.

सायलस म्हणाले, "काय गं? अशी काय बघतेस?"

मी म्हणाले, "हलू नका. असेच बसा."

"वाटाणे निवतायत."

"ओठ जरा आणखी पुढे काढा. हं. मी तुमच्यापुढे ताटली ठेवली."

"रोजच ठेवतेस."

"अहो, तुमच्यापुढे नाही! तिथे! मी त्याला जेवायला वाढलं!"

कोरिना मे जहाजाच्या स्वयंपाकघरात चुलीखाली एक लांडगा मासा राहतो. लांबी माझ्याएवढी, रंग राखी, तोंड सपाट, दात बाहेर आलेले. पाणबुडे त्याला डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, म्हणतात, कारण तो दारातून गंभीर चेहऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसतो आणि कोणालाही काही करत नाही. मला तेव्हा सगळं एकदम आठवलं. तो चुलीखालून बघत होता, मला वाटलं माणूस उपाशी आहे आणि संकोचाने मागत नाही. मी टेबलावरची एक ताटली नेली, त्याच्यापुढे ठेवली, आणि "अजून लागलं तर मागून घ्या" असं म्हणाले. नळीतून.

सायलस यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं तोंड त्या माशासारखं आहे, हे सरकारी कागदावर जाणार?"

मी म्हणाले, "जाणार. लिअँडरची बोट जाण्यापेक्षा ते बरं."

सायलस म्हणाले, "हां. ते बरं," आणि जेवले. पण रविवारपासून ते ओठ आत घेऊन बसतात.

सोमवार, १४ जुलै, सकाळी नऊ वाजता मी ठाण्यात आले आणि सार्जंट पिन्सेंट यांना हे सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "बाई, तुम्ही झिंगला होतात, असं तुम्ही म्हणताय?"

"हो."

"तुम्ही?"

"अरे एबी, किती वेळा विचारशील?"

"बाई, गेल्या नाताळात माझ्या केकमध्ये चमचाभर रम होती म्हणून तुम्ही तो माझ्या आईला परत नेऊन दिलात."

"दोन चमचे होती. तू लिहून घे."

ते उठले आणि लिअँडरचा शुक्रवारचा जबाब घेऊन आले. दाखवायचा नसतो, पण त्यांनी टेबलावर ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. मी वाचला. साडेतीन ओळी आहेत. "ताटली माझ्या हातून गेली. बहिणीचा काही संबंध नाही. तिची तब्येत खाली उत्तम होती. यापेक्षा जास्त विचारू नये."

सार्जंट म्हणाले, "मी त्याला विचारलं होतं, की बाबा रे, खरं काय ते सांग, परवाना जाईल. तो म्हणाला, परवाना गेला तर मी दुसरी कामं शोधीन, ताईला दुसरं मंडळ कुठून मिळणार."

यावर मला काही लिहायचं नाही.

सार्जंट यांनी मिस वार्ली यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, मासा ही तोंडी माहिती झाली, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तक्रार मागे घेता येत नाही. पाहायला त्या स्वतः जातील, त्यांच्याकडे खोल पाण्याचं प्रशिक्षण आहे. मी म्हणाले, मी बरोबर येते. त्या म्हणाल्या, "तुम्ही? परत?" मी म्हणाले, "या वेळी मी हवा खर्च करणार आहे."

आज, मंगळवार, सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी ठाण्याच्या बोटीतून आम्ही गेलो. सार्जंट वर थांबले. लिअँडरला बोटीत यायला मनाई होती, तो धक्क्यावर उभा राहून ओरडत होता, "श्वास घे, ताई! पूर्ण घे! फुकट आहे!" मी घेतला. मिस वार्ली उतरताना एकदाही इकडेतिकडे न बघता यंत्राकडे बघत होत्या. त्या अगदी मोजून-मापून, कडक शिस्तीत श्वास घेत होत्या. मला तेव्हाच शंका आली.

९ वाजून २१ला आम्ही ताटल्यांपाशी होतो. मिस वार्ली यांनी मोजल्या. सत्तेचाळीस. त्यांनी लिहिलं, मी पाहिलं, अक्षर छापल्यासारखं. मग मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीखाली टॉर्च मारला. डीकन घरीच होता. निळ्या काठाची ताटली त्याच्या हनुवटीखाली होती, स्वच्छ, आणि तिच्यात फोडलेल्या शिंपल्यांचे तुकडे होते. म्हणजे तो जेवतही तिच्यातच होता.

मला आनंद झाला. वळून पाहिलं, तर मिस वार्ली माशापुढे ताठ उभ्या होत्या, निदान उभं राहायचा प्रयत्न करत होत्या. त्यांनी पाटी घेतली, बराच वेळ लिहिलं, आणि ती माशाच्या तोंडासमोर दोन्ही हातांनी धरली. सदर पाटी या जबाबासोबत जोडली आहे. मजकूर असा : "आपणास कळवण्यात येते की आपल्या ताब्यातील ताटली संरक्षित असून ती आपण तीन दिवसांत परत करावी. न केल्यास कारवाई होईल. नाव व पूर्ण पत्ता लिहून सही करावी." आणि त्यांनी त्याच्याकडे पेन्सिल पुढे केली.

माशाने जांभई दिली. मिस वार्ली यांनी पेन्सिल परत घेतली आणि खाली लिहिलं : "सहीस नकार. वर्तन सभ्य."

मलाही त्या वेळी हसू येत होतं. ते चढल्याचं की मिस वार्ली यांच्याकडे बघून, हे शपथेवर सांगता येणार नाही. नळीतून हसलं की बुडबुडे फार निघतात, इतकी हवा मी उभ्या आयुष्यात खर्च केलेली नाही. त्या माझे बुडबुडे बघून हसायला लागल्या आणि मग त्यांना थांबता येईना. मी त्यांचा पट्टा धरला, जसा लिअँडरने माझा धरला होता, आणि दोराने वर आणलं. पाच मीटरवर आम्ही ठरल्याप्रमाणे थांबलो. तिथे त्यांनी आपली पाटी वाचली. मग डोळे मिटून घेतले. मी त्यांचा हात थोपटला. पाण्यात यापेक्षा जास्त काही करता येत नाही.

धक्क्यावर सार्जंट यांनी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात लिअँडर म्हणाला, "एबी, चहा." सार्जंट गप्प बसले. मिस वार्ली यांनी घोंगडीत गुंडाळून डबाबंद दूध घातलेला एक पेला संपवला, मग दुसरा मागितला. नंतर त्या लिअँडरला म्हणाल्या, "मिस्टर टकर, मी शुक्रवारी तुमच्या बहिणीला चहाच्या आधी विचारलं. ती माझी चूक होती." लिअँडर म्हणाला, "मिस, तुम्ही त्याला तीन दिवसांचीच मुदत दिलीत. पक्क्या परवानगीला तर तुमच्याच खात्यात तीन वर्षं लागतात." त्यावर मिस वार्ली पुन्हा हसल्या, या वेळी समुद्रसपाटीवर, पूर्ण शुद्धीत. याला सार्जंट साक्षी आहेत.

त्यांनी तक्रार लेखी मागे घेतली आहे. ताटली मात्र तिथेच राहील. लांडगा मासा कायद्याने संरक्षित असून त्याच्या घरातली वस्तू काढायची तर दुसऱ्या खात्याचा परवाना लागतो, आणि मिस वार्ली यांचं मत पडलं की तो अर्ज त्यांनी तरी करू नये. वहीत यंदाची नोंद त्यांच्या संमतीने अशी केली आहे : "मांडणीत ४७, डीकनकडे १, एकूण ४८."

वस्तू हलवल्याबद्दल मला लेखी समज मिळाली आहे. ती मी घेतली.

हे सगळं लिहून झाल्यावर सार्जंट पिन्सेंट यांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, एक सुचवू? 'झिंगला होतात' आहे ना, तिथे 'प्रकृती ठीक नव्हती' असं करा. लिअँडर तर सुटलाच आहे. पट्टी मी काढतोच आहे. कागद फायलीत जाईल, कोणी बघणार नाही."

मी विचारलं, "आणि कोव्हमध्ये लोक काय म्हणतील? चार दिवस पिवळी पट्टी सगळ्यांनी पाहिली. चर्चमध्ये रविवारी त्याच्या बाकावर कोणी बसलं नाही. त्यांना फाईल दाखवणार आहेस का तू?"

लिअँडर बाहेरच्या बाकावर होता, तो दारातून म्हणाला, "ताई, राहू दे ना. मला काय फरक पडतो."

मी म्हणाले, "तू गप्प बस. तू साडेतीन ओळींत काय खोटं लिहिलंस ते मी वाचलंय." मग त्याला बराच वेळ नाक पुसायचं होतं.

सबब या जबाबात खाडाखोड केलेली नाही. शब्द आहे तोच आहे.

जबाब लिहून झाला की देणाराला वाचून दाखवायचा असतो. सार्जंट यांनी सुरुवात केली, ते माशाला पेन्सिल देण्यापर्यंत गेले आणि त्यांना पुढे जाता येईना. म्हणून मीच वाचला. ठाण्यासमोर रस्त्यापलीकडे चर्चचा हॉल आहे आणि मंगळवारी साडेतीनला तिथे दारूबंदी महिला मंडळाची बैठक असते. आज बावीस जणी हजर होत्या. वाचण्यापूर्वी मी ठाण्याची खिडकी उघडायला लावली, तिकडची त्यांनी आपण होऊन उघडली. मी उभी राहून, सावकाश, नाव-वय-पत्त्यापासून वाचला. मजकूर माझा आहे आणि खरा आहे. दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी मागच्या रांगेतल्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं.

सही
ड्रुसिला सायलस ब्रॅग

समक्ष
सार्जंट ए. पिन्सेंट (डाव्या हाताने)